घरचा लादी पाव : पोळीची सवय बाजूला ठेवून

मराठी घरात पाव करायला घेतला की पहिली अडचण यीस्टची किंवा ओव्हनची नसते, ती हाताची असते. रोज पोळ्यांची कणीक भिजवणाऱ्या हाताला पीठ कितपत घट्ट असावे याचे पक्के माप बसलेले असते आणि परातीला चिकटणारे, बोटांना लोंबणारे पीठ दिसले की तो हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. पावाचे पीठ मात्र सुरुवातीला तसेच, चिकट आणि सैल असावे लागते. मी पहिल्यांदा पाव करायला घेतले तेव्हा आई शेजारीच उभी होती. “अगं, एवढं सैल कुठं भिजवतात का? थांब, मूठभर मैदा घालते,” असे म्हणून तिने एक मूठ घातली, तरीही पीठ हातावेगळे होईना म्हणून मी दुसरी घातली, आणि संध्याकाळी मिसळीबरोबर ताटात आलेला पाव चांगली पाच मिनिटे रश्श्यात बुडवून ठेवल्याशिवाय कोणाला खाता आला नाही. त्यानंतरच्या अनेक लाद्यांनी जे शिकवले ते एका लादीच्या, म्हणजे बारा पावांच्या, प्रमाणाला धरून येथे क्रमाने मांडले आहे.

पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ब्रेडच्या नावावरून आपल्याकडे आला. पायाने मळतात म्हणून पाव, ही लोकांनी मागाहून जोडलेली व्युत्पत्ती आहे. गोव्यात यीस्ट मिळत नसे त्या काळात पोदेर, म्हणजे पाव करणारे, माडाची सूर (माडातून काढलेला रस) घालून पीठ आंबवत असत, कारण ताज्या सुरेत यीस्ट आपोआप वाढलेले असते. आज आपण पुडीतले कोरडे यीस्ट वापरतो, पण काम तेच चालते: यीस्ट हा एकपेशीय जीव पिठातील साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड व थोडे अल्कोहोल सोडतो. तो वायू कोंडून ठेवण्याची जबाबदारी मैद्यातील प्रथिनांवर असते, जी पाण्यात भिजून आणि मळली जाऊन ग्लुटेनचे ताणले जाणारे जाळे तयार करतात. वायू किती वेगाने तयार होतो आणि जाळे किती मजबूत आहे, या दोन गोष्टींची वेळ जुळवणे म्हणजेच पाव करणे.

साहित्य आणि वजनकाटा

बारा पावांसाठी मैदा ४०० ग्रॅम, दूध २०० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम घ्यावे. टिन ९ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर बाजूचे, चौकोनी असावे. ही मापे वाटीने घेऊ नयेत. हलक्या हाताने भरलेली मैद्याची वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत सहज २५ ते ३० ग्रॅमचा फरक पडतो आणि तीन वाट्यांमध्ये तो फरक एवढा साठतो की पीठ घट्ट झाले की सैल, हे नशिबावर अवलंबून राहते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा हा या कामातला खरा खर्च आहे. यीस्टसारख्या पाच ग्रॅमच्या वस्तूसाठी त्यावर भरवसा नसेल तर छोट्या चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा घ्यावे.

मैदा निवडताना पुडक्यामागचा पोषणतक्ता वाचावा. शंभर ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने लिहिलेली असतील तो मैदा पावाला चांगला. त्याहून कमी प्रथिनांचा मैदा केकला आणि शंकरपाळ्यांना ठेवावा. दूध एकदा उकळून थंड केलेले असावे, जे आपल्या घरात तसेही असते. कच्च्या दुधातील काही प्रथिने ग्लुटेनचे जाळे सैल करतात आणि उकळल्यावर त्यांचा तो गुण जातो. लोणी खारे असेल तर मीठ चिमूटभर कमी करावे. दूध नको असेल त्यांनी तेवढ्याच वजनाऐवजी सुमारे १७५ ग्रॅम पाणी घ्यावे, कारण दुधात साधारण एक अष्टमांश भाग पाणी नसून स्निग्धांश, साखर आणि प्रथिने असतात.

यीस्टविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. बाजारात कोरडे यीस्ट दोन प्रकारचे मिळते. इन्स्टंट यीस्टचे दाणे बारीक असतात आणि ते थेट मैद्यात मिसळता येते. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाड असतात. ते ६ ग्रॅम घेऊन ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर दहा मिनिटे भिजवावे लागते, आणि त्यासाठी घेतलेले पाणी एकूण दुधातून वजा करावे लागते. दहा मिनिटांत वर जाडसर फेस आला नाही तर ते यीस्ट मेलेले आहे असे समजून पुढचे साहित्य वाया घालवू नये. निर्वात पाकीट विकत घेताना विटेसारखे कडक लागले पाहिजे. हाताला मऊ लागणाऱ्या पाकिटात हवा शिरलेली असते. एकदा फोडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. मसाल्याच्या डब्याशेजारी, गॅसच्या उबेला ठेवलेले यीस्ट एका पावसाळ्यात निकामी होते, हे मी तीन पुड्या फेकून शिकले आहे.

मैद्याची उकड

बेकरीच्या पावाचा मऊपणा दुसऱ्या दिवशीही टिकतो याचे एक कारण तेथे वापरली जाणारी सुधारक द्रव्ये हे असते. त्यांतील पोटॅशियम ब्रोमेट हे द्रव्य भारतात २०१६ मध्ये परवानगीच्या यादीतून काढले गेले, तरी इतर अनेक द्रव्यांना परवानगी आहे. घरी त्यांची गरज नाही, कारण तेच काम बरेचसे उकड करते. उकडीच्या मोदकांची पारी करणाऱ्यांना हे तत्त्व ठाऊकच आहे: तांदळाच्या पिठात ग्लुटेन मुळीच नसते, तरीही उकड काढली की ते पीठ हवे तसे वळते, कारण गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून पाणी धरून ठेवतात. जपान आणि तैवानमधले बेकर हीच युक्ती ब्रेडला लावतात.

वरच्या ४०० ग्रॅममधून २० ग्रॅम मैदा छोट्या पातेल्यात घ्यावा, १०० ग्रॅम पाणी थोडे थोडे घालून गुठळी न राहील असे कालवावे आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. दोन-तीन मिनिटांत, ६५ अंशांच्या आसपास, मिश्रण एकाएकी दाटू लागते. कपड्यांना घालायच्या खळीइतके दाट झाले आणि चमचा फिरवल्यावर पातेल्याच्या तळाशी क्षणभर रेघ दिसली की उतरवावे. साय धरू नये म्हणून वर ताटली अगदी टेकवून झाकावे आणि पूर्ण निवू द्यावे. गरम उकड पिठात घातली तर यीस्टला ती मारक ठरते. ५५ अंशांच्या पुढे यीस्ट भराभर मरू लागते.

घड्याळापेक्षा तापमापक

पाककृतींमध्ये “उबदार जागी एक तास झाकून ठेवा” असे वाक्य हमखास असते. ते थंड देशांतल्या स्वयंपाकघरांतून आलेले आहे. मे महिन्यात नागपुरात किंवा ठाण्यात बंद स्वयंपाकघराचे तापमान ३४-३५ अंश असते आणि तेथे उबदार जागा शोधायची म्हणजे पीठ आंबट करून टाकायचे. उलट डिसेंबरात पुण्या-नाशिककडे ओट्यावर १७-१८ अंश असतात आणि तेथे एका तासात पीठ जागचे हलतही नाही. पीठ मळून झाल्यावर त्याचे स्वतःचे तापमान २६ ते २७ अंश असले की पुढच्या सगळ्या वेळा अंदाजात राहतात. हवा आणि मैदा आपल्या हाती नसतात, दूध असते. म्हणून हिशेब दुधावर करावा.

हिशेब सोपा आहे. हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट करावी, त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि हाताने मळताना येणाऱ्या उष्णतेचे दोन-तीन अंश वजा करावेत. उरेल ते दुधाचे तापमान. पीठ २७ अंशांवर हवे असेल तर तिप्पट ८१ होते. मे महिन्यात खोली ३३ आणि मैदा ३३ असेल तर ६६ आणि २ वजा जाऊन १३ उरतात, म्हणजे दूध फ्रिजमधून काढून थोडा वेळच बाहेर ठेवलेले हवे. डिसेंबरात खोली १८ आणि मैदा १८ असेल तर ४३ उरतात, म्हणजे बोट सुखाने बुडवता येईल पण चांगले गरम जाणवेल असे दूध. उकड खोलीच्या तापमानाला आलेली असल्याने हा हिशेब एखाद्या अंशाने चुकतो, त्याची चिंता करू नये. थंड दूध वापरताना यीस्ट त्या दुधात थेट घालू नये, आधी कोरड्या मैद्यात मिसळावे, कारण एकदम गारठलेल्या पाण्यात भिजलेले कोरडे यीस्ट अशक्त होते.

मळणे

मोठ्या परातीत उरलेला ३८० ग्रॅम मैदा, यीस्ट आणि साखर कोरडीच एकत्र करावी. मग मीठ घालून पुन्हा हात फिरवावा. मीठ यीस्टला मारते म्हणून ते परातीच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याचा सल्ला दिला जातो, पण मैद्यात सारखे मिसळलेल्या दोन टक्के मिठाचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. आता निवलेली उकड आणि १८० ग्रॅम दूध घालावे. राहिलेले २० ग्रॅम दूध बाजूला ठेवावे, कारण प्रत्येक मैदा सारखे पाणी पीत नाही आणि पावसाळ्यात मैदा आधीच ओलावा धरून असतो. कोरडा मैदा कोठेही दिसत नाही इतपतच कालवावे, मळू नये, आणि परात ओल्या फडक्याने झाकून वीस मिनिटे सोडून द्यावी.

या वीस मिनिटांत हात न लावता निम्मे काम होते. कालवलेले ओबडधोबड पीठ फडके काढल्यावर नितळ दिसू लागते आणि ओढले की तुटण्याऐवजी ताणले जाते. आता त्याचा पोत पाहून राखलेले दूध थोडे थोडे घालावे. कणकेशी तुलना करायची झाली तर हे पीठ पोळ्यांच्या कणकेपेक्षा बरेच सैल हवे, पुरणपोळीसाठी तेल-पाणी लावून तिंबलेल्या सैल कणकेच्या जवळपास जाणारे. परातीला थोडे चिकटेल, पण ओढल्यावर एकसंध उचलले जाईल, ही खूण धरावी.

मळायला सुरुवात केली की पहिली पाच मिनिटे वाईट जातात. पीठ बोटांच्या बेचक्यांत अडकते, तळहाताला पापुद्रे धरतात आणि मैद्याचा डबा जवळच असेल तर मोह अनावर होतो. म्हणून डबा आधीच कपाटात ठेवून द्यावा. हात पाण्याने किंचित ओला करावा, पीठ स्वच्छ ओट्यावर घ्यावे, एका बाजूने उचलून ओट्यावर हलके आपटावे, पुढे ताणावे आणि स्वतःवर दुमडावे. मग काटकोनात फिरवून पुन्हा तेच करावे. ओट्याला चिकटलेले पीठ खरवडायला सरळ कडेचे उलथने चांगले उपयोगी पडते. सात-आठ मिनिटांनी पीठ एकाएकी शहाणे होते: ओटा सोडू लागते, हाताला चिकटत नाही, पृष्ठभाग ताणल्यासारखा गुळगुळीत होतो. या वेळी मऊ, पण वितळलेले नव्हे, असे लोणी तीन वेळा विभागून घालावे. प्रत्येक वेळी पीठ पुन्हा फाटल्यासारखे, तुपकट आणि निसरडे होते आणि आता सारे बिघडले असे वाटते; मळत राहिले की दोन मिनिटांत ते लोणी पिऊन पूर्ववत येते. लोणी सुरुवातीलाच घातले तर स्निग्धांश प्रथिनांभोवती बसतो आणि जाळे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून हा क्रम.

मळणे पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढा गोळा घ्यावा, बोटांना लोणी लावावे आणि चारही बाजूंनी सावकाश ताणत न्यावा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता तयार झाला आणि फाटला तेव्हा भोकाची कड करवतीसारखी न होता गोल राहिली, तर पीठ तयार आहे. हाताने मळताना या सगळ्याला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. घरच्या स्टँड मिक्सरवर मंद गतीने दहा-बारा मिनिटांत होते, पण यंत्राने पीठ चटकन तापते, तेव्हा दूध आणखी थोडे गार घ्यावे.

पहिली फुगवण

पीठ तेलाचा हात फिरवलेल्या पातेल्यात ठेवून झाकावे. येथे एक छोटी युक्ती मला सर्वांत उपयोगाची वाटते. मळलेल्या पिठातील वीस-पंचवीस ग्रॅमचा गोळा सरळ बाजूंच्या अरुंद काचेच्या पेल्यात तळाशी दाबून बसवावा, त्याच्या उंचीवर आणि त्या उंचीच्या दुप्पट जागी रबर बँड लावावेत आणि पेला पातेल्याशेजारीच झाकून ठेवावा. गोल पातेल्यात पीठ दुप्पट झाले की दीडपट, हे डोळ्यांना कळत नाही. पेल्यात ते शाळेच्या फूटपट्टीसारखे स्पष्ट दिसते. पिठाचे उंडे करायच्या वेळी हा गोळा पुन्हा मूळ पिठात मिसळून टाकावा.

पीठ २७ अंशांवर असेल आणि खोलीही त्याच सुमाराला असेल तर दुप्पट व्हायला तास ते सव्वा तास लागतो. खोली ३३-३४ असेल तर पाऊण तासातच पाहायला लागावे; १८ अंशांत दोन ते अडीच तास धरावेत. थंडीत पातेले बंद ओव्हनमध्ये, दिवा लावून किंवा शेजारी उकळत्या पाण्याची वाटी ठेवून, झाकावे. दुसरी परीक्षा बोटाची: मैद्यात बुडवलेले बोट पिठात पेराएवढे खुपसून काढावे. खळगा लगेच भरून आला तर पीठ अजून कच्चे आहे, हळूहळू आणि अर्धवट भरला तर वेळ झाली आहे, आणि खळग्याभोवतीचे पीठ सुस्कारा टाकून खाली बसले तर वेळ टळून गेली आहे. टळली म्हणून पीठ फेकू नये. या टप्प्यावर दाबून वायू काढला आणि लगेच उंडे केले तर लादी सहसा बचावते, फक्त चवीत किंचित आंबूसपणा राहतो.

उंडे

पीठ ओट्यावर उलटे काढावे आणि तळहाताने हलके दाबून मोठे बुडबुडे घालवावेत. एकूण पीठ साधारण ७४० ते ७५० ग्रॅम भरते. त्याचे बारा भाग तोलून केले तर प्रत्येकी ६२ ग्रॅमच्या आसपास येतात. अंदाजाने केलेले लहान-मोठे उंडे एकाच टिनमध्ये एकसारखे भाजले जात नाहीत, तेव्हा येथेही काटा वापरावा. भाग केल्यावर ते झाकून दहा मिनिटे विसावू द्यावेत, नाहीतर वळताना पीठ मागे ओढ घेते.

उंडा वळताना पुरण भरून तोंड बंद करण्याची कृती आठवावी: चारही कडा वर घेऊन मधोमध चिमटायच्या, म्हणजे बाहेरची बाजू आपोआप ताणली जाते. मग चिमटलेली बाजू खाली करून उंडा कोरड्या ओट्यावर ठेवावा, वरून हाताची ओंजळीसारखी पोकळ वाटी करावी आणि करंगळीची कड ओट्याला घासत गोल फिरवावे. खालचे पीठ ओट्याला किंचित अडकते आणि वरची त्वचा ताणली जाते. हे घडावे म्हणून ओट्यावर मैदा भुरभुरवायचा नाही. सात-आठ फेऱ्यांत उंडा वर उचलून गोल, घट्ट आणि तुळतुळीत होतो. त्वचा फाटू लागली की थांबावे. हा ताणच पावाला वर चढायला लावतो. सैल वळलेला उंडा बाजूला पसरतो आणि पाव बसका होतो.

टिनला लोणी लावून उंडे चार-चारच्या तीन ओळींत, मध्ये सेंटीमीटरभर अंतर सोडून मांडावेत. हे अंतर सोडणे हाच लादीचा प्राण आहे. पाव फुगून एकमेकांना टेकतात, त्यांच्या बाजूंना भट्टीची थेट उष्णता लागत नाही आणि म्हणून लादी मोडताना कडेला कवच न येता कापसासारखे धागे निघतात. अंतर जास्त राहिले तर प्रत्येक पाव सुटा भाजून चौफेर कडक होतो, आणि अंतरच ठेवले नाही तर मधले पाव चेपून उंच, अरुंद आणि आतून ओले राहतात.

दुसरी फुगवण आणि भाजणी

टिन हलक्या ओल्या फडक्याने, ते पावाला न टेकवता, झाकावे. या वेळी वेळेचे गणित पहिल्यापेक्षा कडक असते, कारण आता बिघडले तर पुन्हा वळण्याची सोय जवळजवळ नसते. साधारण २८ अंशांत ४० मिनिटे धरावीत, पण तिसाव्या मिनिटापासून पाहायला लागावे. उंडे एकमेकांना टेकलेले, टिनच्या कडेजवळ आलेले, आणि बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश अर्धा भरून येणारा असला की भाजायला घ्यावेत. वर सुरकुत्या किंवा मोठे बुडबुडे दिसू लागले तर फार उशीर झाला आहे. माझी एक लादी ऐन या वेळी वीज गेल्याने सव्वा तास ओट्यावर राहिली आणि ओव्हनमध्ये शिरताच कोसळली. वीज गेली की टिन ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवायचे असते, हे तेव्हा सुचले नाही.

ओव्हन फुगवण संपण्याच्या वीस मिनिटे आधीच २०० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कांडी लावून, तापत ठेवावा. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत १५-२० अंशांचा फरक असणे नवलाचे नाही, म्हणून आत ठेवायचा स्वस्त तापमापक घ्यावा किंवा दोन-तीन लाद्यांत आपल्या ओव्हनचा स्वभाव ओळखावा. पावांवर मऊ कुंचल्याने दूध लावावे, दाब देऊ नये. टिन मधल्या खणात, किंवा ओव्हन लहान असेल तर खालच्या खणात, ठेवून १८ ते २२ मिनिटे भाजावे. पहिली आठ-दहा मिनिटे दार मुळीच उघडू नये. पाव याच काळात शेवटचे फुगतात. वरचा रंग लवकर आला तर फॉइलचा कागद सैल टाकावा. मधल्या पावात खुपसलेला तापमापक ९३ ते ९५ अंश दाखवू लागला की पाव आतून झाला. तापमापक नसेल तर पाव उलटा करून तळाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज यावा आणि तळ गव्हाळ झालेला दिसावा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कढईत तळाशी मीठ पसरून, वर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली दहा-पंधरा मिनिटे तापवून मंद-मध्यम आचेवर ३० ते ३५ मिनिटांत लादी होते. वरून ती पांढरीच राहते, तेव्हा तयार लादी तापल्या तव्यावर लोणी सोडून मिनिटभर उलटी टेकवावी. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पाव होत नाही, त्याला कन्व्हेक्शनची, म्हणजे आत गरम हवा फिरवण्याची, सोय लागते.

बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवावे आणि स्वच्छ सुती फडके टाकून पाच मिनिटे झाकावे. आतून येणारी वाफ वरचे कवच मऊ करते. मग टिनमधून काढून जाळीवर ठेवावे, नाहीतर तळाला घाम सुटून पाव ओला होतो. गरम लादी मोडण्याची घाई आमच्या घरात कोणालाच आवरत नाही, पण पहिली वीस-पंचवीस मिनिटे आतला स्टार्च अजून बसत असतो आणि तेव्हा मोडलेला पाव चिकट, कच्चा वाटतो.

थोडे फेरफार

नोकरीच्या दिवशी सकाळी पाव हवा असेल तर यीस्ट ३ ग्रॅमवर आणावे, रात्री पीठ मळून अर्धा तास बाहेर ठेवावे आणि मग झाकणाच्या डब्यात घालून दहा ते चौदा तास फ्रिजमध्ये ठेवावे. गार पीठ वळायलाही सोपे जाते आणि सावकाश आंबल्याने चव चांगली खुलते. मला स्वतःला हाच पाव अधिक आवडतो. दुसऱ्या फुगवणीला मात्र दीड तासापर्यंत वेळ द्यावा लागतो.

कणकेचा पाव करायचा असेल तर ४०० ग्रॅमपैकी १५० ग्रॅमपर्यंत चक्कीचे पीठ घ्यावे. चक्कीच्या दळणात स्टार्चचे कण अधिक चिरडले जातात आणि कोंडाही पाणी पितो, म्हणून ३० ते ४० ग्रॅम पाणी वाढवावे आणि कालवल्यानंतरचा विसावा चाळीस मिनिटांचा करावा, म्हणजे कोंडा भिजून मऊ होतो आणि ग्लुटेनचे धागे कमी तोडतो. पूर्ण कणकेचा लादी पाव मऊ होतो असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो चविष्ट होतो, पण तो वेगळा पाव आहे.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो. एक दिवसासाठी तो पूर्ण निवल्यावर घट्ट डब्यात बाहेरच ठेवावा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच बुरशी आलेली नाही याची खात्री करून घ्यावी. त्याहून अधिक ठेवायचा असेल तर लादी न मोडता पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकावी, ती तीन-चार आठवडे चांगली राहते. खायच्या वेळी अर्धा तास बाहेर काढावी, पाण्याचा हलका हबका मारून १५० अंशांवर सात-आठ मिनिटे गरम करावी, किंवा पावाला मधून चीर देऊन, आतून लोणी लावून, पावभाजीच्या तव्यावर चिरलेली बाजू खाली करून कडा सोनेरी होईपर्यंत दाबून धरावी.